सीडरच्या फांदीवरची चिंधी

रात्रभर तळ्यावरून येणारं वारं पहाटे एकाएकी पडलं. आभाळ खाली उतरून झाडांच्या शेंड्यांना टेकलं होतं, आणि थंडी अशी, की दाराच्या कडीला ओला हात लागला तर कातडी तिथंच राहावी. लेंपी रोंकाइनेननं अंधारातच हातपंपाखाली किटली धरली. दांडा मारून मारून पाणी येईना, शिवी दिली तेव्हा आलं. लोखंडी चुलीत तिनं बर्चची साल सारली, फुंकर घातली, आणि जाळ धरल्यावर माळ्याकडं तोंड करून ओरडली,

"लेरॉय, ऊठ! तुझ्या घोरण्यानं निम्मी हरणं कॅनडात पळाली असतील."

"पळू देत," वरून गोधडीतून त्या जुन्या शिकारसोबत्याचा आवाज आला. "माझा शिंगाळ नाही जायचा. त्याला मी आजची वेळ दिलीय."

चुलीपाशी लेंपीचा थोरला भाऊ ताउनो पायमोजे चढवत बसला होता. सत्तरी उलटली तरी पाठ ताठ, फक्त गुडघे कुरकुरत. शिकारीच्या हंगामापुरतं राहायचं हे खोपट त्यांच्या बापानं बांधलं होतं, डांबरी कागदाच्या भिंतींचं. मागं सौना, म्हणजे वाफेनं न्हायची खोली, पुढं दलदल. बाप गेल्यावर खोपट ताउनोकडं आलं आणि बापाचे नियमही त्याच्याकडंच आले.

"ही कॉफी आहे का चिखल?" त्यानं कप नाकाशी धरून विचारलं.

"चिखल. तुला तोच आवडतो."

लेंपीनं वेलदोड्याचा गोड पाव कापला, मांस-बटाटा भरलेल्या पॅस्ट्या गरम करून कागदात गुंडाळल्या, तिघांच्या खिशात एकेक कोंबली. बावीस वर्षं ती कोस्कीच्या फाट्यावर शाळेची बस चालवत होती, त्यामुळं माणसांना वेळेवर उठवणं, खायला लावणं आणि घराबाहेर काढणं हे तिच्या अंगातच मुरलं होतं. नवरा कालेवी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लांब दक्षिणेत, तिथं बर्फ पडत नाही आणि कुणी शिकारही करत नाही. घरात लेंपी, एक म्हातारं मांजर आणि तळघरातली शीतपेटी. ती पेटी भरली म्हणजे हिवाळा बरा जायचा. दुकानातलं मांस तिला ओल्या पुठ्ठ्यासारखं लागे.

हंगाम सुरू झाला, की फाट्यावर कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नाही. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवर, दवाखान्यात, एकच प्रश्न: "मिळालं का हरीण?" लेरॉय सांगायचा, की त्याच्या काकाच्या मयताला पाद्रीबाबानं मूठभर माती टाकली आणि वळून त्याच्या कानात तेच विचारलं. खरं-खोटं देव जाणे. पण तो प्रश्न तिथल्या माणसाला महिनाभर चुकत नाही, आणि त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

उजाडायच्या आत तिघं तीन वाटांनी गेली. लेंपीचं मचाण दलदलीच्या कडेला, जुन्या हेमलॉकच्या झाडाला टेकवलेलं. चढली, रायफल मांडीवर घेतली, गळपट्टा नाकावर ओढला आणि गप्प बसली. हे बसणं तिला शिकारीहूनही आवडायचं. बसमध्ये मागं चाळीस पोरांचा गलका, इथं एका खारीचा. हळूहळू झाडांना आकार आले. लांबवर कुणाची तरी गोळी वाजली, मग आणखी एक.

नर आला तो आवाज न करता. आधी काहीच नव्हतं, मग तो होता. मान ताणून वास घेत, चार पावलं टाकून थांबत. शिंगं फार मोठी नव्हती, पण अंग भरलेलं. लेंपीनं रायफल उचलली. तो आडवा यायची वाट बघायची, खांद्यामागं नेम धरायचा. हे तिला झोपेतही ठाऊक होतं. पण तेवढ्यात तिच्या मानेला गार झुळूक लागली. वारं फिरलं होतं, तिचा वास आता त्याच्याकडं जात होता. नरानं डोकं वर केलं, आता हा जाणार हे तिला कळलं, आणि तिनं घाई केली. चाप ओढला त्याच क्षणी तो वळला.

आवाज विरला तेव्हा तिनं त्याला पाहिलं. पाठ वाकवून, शेपटी खाली घालून, धावत नव्हता, ओढत चालल्यासारखा सीडरांत शिरत होता.

"अगं देवा," ती स्वतःशीच म्हणाली.

बराच वेळ ती वरच बसून राहिली. मग खाली उतरली. तो उभा होता तिथं पातळ बर्फावर केसांचा पुंजका पडला होता, पांढरा, पोटाखालचा. थोडं पुढं रक्त. लालभडक नव्हे, तपकिरी, आणि त्यात हिरवट चोथ्याचे कण. लेंपीनं बोटावर घेऊन हुंगलं. कोठ्याचा आंबूस वास. गोळी फुप्फुसात नाही, पोटात लागली होती. असलं जनावर मरतं, पण सावकाश. मागं लागलं की उठतं, पळतं, नदी ओलांडून जातं आणि कुठंतरी जाळीत पडतं. कुणी मागं लागलं नाही तर जवळच बसतं, आणि बसल्या जागी जातं. म्हणजे थांबायचं. दुपारपर्यंत तरी थांबायचं.

तिनं वर बघितलं. पहिली भुरभुर सुरू झाली होती.

बापाचे नियम दोन. नेम चुकला, जनावर साफ निसटलं, तर संध्याकाळी चुलीपुढं उभं राहायचं, सगळ्यांनी हसायचं, आणि शर्टाची मागची शेपटी कात्रीनं कापून मोरीवरच्या तुळईला खिळ्यानं ठोकायची, वर नाव लिहून. दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगलात जायला मोकळा. पण जनावराला लागलं आणि ते सापडलं नाही, तर ते तुझंच धरायचं. रायफल कोपऱ्यात उभी, आणि उरलेला हंगाम भांडी घासायची. दुसरं मारायचं नाही.

आता कुणी पाहिलं नव्हतं. बर्फ पडत होता, तासाभरात केस आणि रक्त झाकून जाणार होतं. "चुकलं" एवढा एक शब्द बोलायचा. शेपटी कापली जाईल, लेरॉय पोट धरून हसेल, आणि उद्या ती पुन्हा मचाणावर.

तुळईवर कालेवीचीही एक शेपटी होती, हिरव्या चौकटीची. त्या संध्याकाळी सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला होता. दोन दिवसांनी त्यानं असा शिंगाळ पाडला, की गावात शिकार टांगून दाखवायच्या खांबावर चढवल्यावर लोक फोटो काढायला आले. एप्रिलमध्ये मेपलच्या झाडाच्या गोड चिकाच्या बादल्या घेऊन दोघं इकडून चालली होती, तेव्हा सीडरखाली हाडं दिसली. कालेवी बादली खाली ठेवून वाकला. मग म्हणाला, "हा माझा. त्या दिवशी लागली होती." लेंपीनं ते कुणाला सांगितलं नाही, भावालासुद्धा नाही. पण त्या मोठ्या शिंगाळाची शिंगं कालेवीनं भिंतीवर कधी लावली नाहीत, गोठ्यात पोत्याखाली पडून राहिली. कुणी त्या हंगामाची वाहवा केली की तो उठून लाकडं फोडायला जायचा.

लेंपी वाकून माग काढत निघाली, फक्त दलदलीच्या कडेपर्यंत. शेवटचा थेंब एका सीडरच्या मुळाशी होता. पुढं जायचं नाही. खूण करायला खिशात कागदाची गुंडाळी होती, एरवी शौचाची. पण पांढऱ्या बर्फात पांढरा कागद कुणाला दिसणार? तिनं जाकीट वर केलं, लाल चौकटीच्या शर्टाची शेपटी बाहेर ओढली आणि चाकूनं फाडली. एक चिंधी शेवटच्या रक्तावर, सीडरच्या फांदीला. बाकीच्या मागं येताना, प्रत्येक वळणावर. एक उरली ती खिशात घातली. पाठीला गार वारं लागू लागलं.

खोपटात ताउनो आधीच परतला होता, गुडघ्यांना शेक देत. लेरॉयही आला, टोपीवर बर्फाची पगडी घेऊन.

"गोळी तुझीच ना, बाईसाहेब? कुठाय हरीण? का कात्री काढू?"

"कापून झालीय," लेंपी म्हणाली आणि पाठमोरी झाली.

लेरॉयनं वाकून बघितलं. "आयला! हिनं स्वतःच उरकलं! न्हाव्याला तरी बोलवायचं."

"चुकली नाही. कोठ्यात लागली. दलदलीत गेलाय."

हसणं थांबलं. ताउनोनं कप खाली ठेवला. "किती वेळ झाला?"

"फार नाही. वारं फिरलं आणि मी घाई केली."

"मग ऊठ की," लेरॉय म्हणाला. "हा बर्फ बघ. घटकाभर थांबलीस तर मागाचा मागमूस राहायचा नाही."

"आत्ता गेलो तर उठेल. नदीपलीकडं गेला की संपलं."

"आणि थांबलो तर? बर्फाखालून काय हाका मारणारेय तो?"

"लेरॉय," ताउनो म्हणाला, "हरीण तिचं आहे. तिला ठरवू दे."

लेंपीनं खिडकीबाहेर बघितलं. भुरभुर आता सरळ, जाड पडत होती. "थांबायचं," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण खुर्चीवर बसवेना. तिनं बटाटे सोलायला घेतले, गरज नसताना.

"तुझं ठीक आहे," लेरॉय कुरकुरला. "माझी पहिल्या दिवसाची दुपार गेली. वर्षभर माणूस या एका दुपारीसाठी जगतो."

"तू वर्षभर उधारीच्या बियरसाठी जगतोस," ताउनो म्हणाला.

"हस म्हाताऱ्या. हंगाम चांगला झाला का वाईट, ते खांबावर कळतं. शिंगं किती, वजन किती. बाकी सगळी पाद्रीबाबाची बडबड."

"मग चुलीचा पाइप पडला ते साल कसलं होतं?"

लेरॉयच्या तोंडाचा ताठा उतरला. ओठ हलायला लागले. त्या साली कुणालाच काही मिळालं नव्हतं, मादीचं शेपूटही दिसलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवताना चुलीचा पाइप धाडकन खाली आला आणि वर्षांची काजळी लेरॉयच्या सूपात पडली. त्यानं अंधारात कळलं नाही म्हणून दोन चमचे खाल्लं, वर म्हणाला, "मिरी जास्त झालीय." 

"मिरी!" ताउनो म्हणाला, आणि तिघंही हसली. लेंपी हसता हसता पुन्हा खिडकीकडं वळली.

"ते साल चांगलंच होतं," लेरॉयनं कबूल केलं. "पण ते मोजता येत नाही ना."

दुपार कलंडल्यावर तिघं निघाली. नारिंगी जाकिटं, हातात काठ्या. लेरॉयनं रायफलही घेतली नाही, नुसती बर्फावर ओढायची घसरगाडी घेतली. "आशा आहे म्हणून नाही," तो म्हणाला, "मीच पाय मोडून घेतला, तर मला आणायला लागेल." बर्फ घोट्याच्या वर आला होता. माग कुठला आणि रक्त कुठलं! पण चिंध्या दिसत होत्या. राखाडी झाडीत लाल ठिपका, मग पुढचा ठिपका. शेवटच्या चिंधीपाशी लेंपी थांबली.

"इथपर्यंत खरं. पुढं अंदाज. पोटात लागलेलं जनावर पाण्याकडं जातं, आणि चढावर चढत नाही."

हाकेच्या अंतरावर तिघं एका ओळीत पसरली आणि दलदलीत शिरली. प्रत्येक मूळ, प्रत्येक पडका बुंधा काठीनं चाचपायचा. बर्फाचा उंचवटा दिसला की घाईनं तिकडं वळायचं. काठी टोचली की खाली ओंडका निघायचा. ताउनो एकदा पाण्यात मांडीपर्यंत गेला. लेरॉयनं त्याला काखेत धरून उपसला आणि एरवी केला असता तो विनोद केला नाही. उजेड सरत आला, तसे तिघांचे आवाज जवळ आले.

"लेंपी, अंधार पडतोय, परतू या," ताउनो म्हणाला. तिनं काठी काखेत घेतली आणि वळली.

संध्याकाळी सौना तापवली. निखाऱ्यावर तापलेल्या दगडांवर पाणी चर्रकन उडालं, वाफेत भाऊ बसला, लेरॉय बसला. लेंपीची पाळी नंतर. एकटीच बसून तिनं अंग शेकलं. बाहेर आल्यावर तिनं रायफल रिकामी केली, पुसली, कोपऱ्यात उभी केली, बाह्या सारल्या आणि मोरीशी गेली.

"उद्याचा दिवस आहे अजून," लेरॉय म्हणाला. "आजच कशाला?"

"नियम आहे."

"अगं, हा बर्फ काय तुझा दोष?"

"बर्फ नाही. घाई माझी."

लेरॉयनं ताउनोकडं बघितलं. ताउनोनं ताट पुढं केलं, घासायला. त्याच्या दृष्टीनं ते प्रेमच होतं. लेंपी घासत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर तुळईवर हिरव्या चौकटीची शेपटी लोंबत होती. ती बघून तिला कालेवीचा राग आला नाही. त्याला ते एक वाक्य बोलायला किती जड गेलं असेल, ते आज पहिल्यांदा कळलं, एवढंच.

सकाळी आभाळ उघडलं. निळंशार, कोरडं, नाकातले केस गोठवणारं. लेरॉय आणि ताउनो आपापल्या मचाणांवर गेले. लेंपी भांड्यांचं पाणी फेकायला बाहेर आली आणि बादली हातातच राहिली. दलदलीवर डोमकावळे बोलत होते. नुसतं उडता उडता बोलतात तसं नव्हे. एकानं बोलवावं, दुसऱ्यानं यावं, भांडावं, तसं.

तिनं नारिंगी जाकीट चढवलं, घसरगाडीची दोरी कमरेला बांधली आणि निघाली. काल तिघं जिथं फिरली त्याच्या डावीकडं, नदीच्या अलीकडं, तीन सीडर एकमेकांवर पडलेले. त्यांच्या आडोशाला नर होता. अंगाचं मुटकुळं करून, तोंड आपल्या मागाकडं वळवून. काल ताउनो याच्या इतका जवळून गेला होता, की त्याची पावलं बुजलेली दिसत होती. रात्री कायोटी, इकडचे रानकोल्हे, आले होते, एक मागची मांडी आणि पोट खाऊन गेले होते. वरून कावळे. लेंपीला बघून ते उडाले, आणि जवळच्याच फांदीवर बसून शिव्या देऊ लागले.

"गप्प बसा रे," ती म्हणाली. "तुमचंही राहील."

गुडघे टेकून तिनं हात त्याच्या खांद्यावर ठेवला. थिजून दगड झाला होता. मग तिनं आधी खिशातली परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधली, नंतर चाकू काढला. खाल्लेलं, डागाळलेलं, वास येणारं बाजूला काढत गेली. पुढचे दोन्ही खांदे चांगले होते. मान चांगली होती. पाठीच्या मांसाच्या पट्ट्या गारठ्यानं राखल्या होत्या. हुंगून बघितलं, पुन्हा हुंगलं. चांगल्या होत्या. दुसरी मांडी निम्मी वाचली.

लेरॉय हाकेच्या अंतरावरून ओरडला, "बाईसाहेब? तुझ्या शिव्या इथवर येतायत. कुणाला देतेस?"

"कावळ्यांना. इकडं ये, ओढायला."

तो आला, बघून उभा राहिला. टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, "शिंगं काही खांबावर टांगण्यासारखी नाहीत."

"नाहीत."

"म्हणजे तसा हंगाम वाया." त्यानं वाकून मानेचा तुकडा उचलून गाडीवर ठेवला, हलकेच, अंडी ठेवावीत तसा. "माझी कालची दुपार वाया नाही गेली म्हण."

"नाही गेली."

"मग दोन पॅस्ट्या जास्त करशील?"

"मानेचं मांस घालून."

खोपटात ताउनोनं गाडी बघितली, बहिणीकडं बघितलं. मग कोपऱ्यातली रायफल उचलून तिच्या पेटीत ठेवली. सापडलं, म्हणजे नियम सुटला, आणि एका हरणाचा परवानाही संपला. लेरॉयला उरलेली चिंधी तुळईला ठोकायची होती, आठवण म्हणून. लेंपीनं दिली नाही.

"तिथं चुकलेल्यांची लावतात."

"मग कुठं लावणारेस?"

"लावायची कशाला? चिंधी आहे. पुसायला होईल."

ताउनो तोंड फिरवून हसला. त्या संध्याकाळीही भांडी लेंपीनंच घासली, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. नाहीतर लेरॉयनं घासली असती, आणि मग पुन्हा घासावी लागली असती.

सोमवारी पहाटे ती शाळेच्या आवारात बसचं इंजिन तापवत होती. शीतपेटी निम्मीच भरली होती. फेब्रुवारीत कुठंतरी तळ लागेल, मग ओला पुठ्ठा. आवाराच्या फाटकात पहारेकरी हात चोळत उभा होता. त्यानं खिडकीशी येऊन विचारलंच.

"मिळालं का हरीण?"

"मिळालं," लेंपी म्हणाली. "थोडं कावळ्यांना गेलं, थोडं कोल्ह्यांना. बाकी माझं."

"म्हणजे बरा गेला हंगाम?"

लेंपीनं जरा विचार केला. "बरा गेला."

पुढची काच आतून धुकटली होती. तिनं खिशातून लाल चौकटीची चिंधी काढली, काच पुसली, बाजूचा आरसा पुसला, आणि पहिल्या थांब्याकडं बस वळवली.